कदन्न, ओकसात्म्य आणि डहाणूची नागली

१.

मराठीत धान्याला लावलेली विशेषणे सहसा धान्यापाशी थांबत नाहीत. ‘जाडेभरडे’ हे विशेषण आधी पिठाला लागते, मग कापडाला, मग बोलीला आणि शेवटी माणसाला. ‘कदन्न’ या शब्दाचेही तसेच आहे. ‘कद्’ म्हणजे कुत्सित. त्याला ‘अन्न’ जोडले की निकृष्ट, हलके, गरिबाच्या पानातले असा अर्थ सिद्ध होतो. नाचणी, वरी, सावा, कोद्रा, राळा ही धान्ये शतकानुशतके या एका शब्दाखाली दाटीवाटीने राहत आली आहेत. त्यांच्यावरचा मुख्य आरोप चवीचा नव्हता, पोटाचा होता. ती पचायला जड, पोटात वारा धरणारी, पोट गुबारवणारी. अशा अन्नाने पोटाला तडस लागते, पोट डब्ब होते, करपट ढेकर येतात. मराठीत पोटाच्या तक्रारींचा शब्दसंग्रह समृद्ध आहे, आणि त्यातला बराचसा या धान्यांच्या वाट्याला आलेला आहे.

अलीकडे शब्द फिरले. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून अधिसूचित केले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष त्यांच्या नावाने साजरे केले आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पीय भाषणात त्यांना ‘श्रीअन्न’ म्हटले गेले. कदन्नाचे श्रीअन्न झाले. पण नाव बदलल्याने जुनी तक्रार काही गेली नाही. तिने फक्त घर बदलले. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यावरून पोळी-भात सोडून एकदम नाचणीच्या भाकरीवर आलेल्या शहरी माणसाचे पोट आठवड्याभरात फुगू लागते, आणि तो म्हणतो, ‘हे धान्य आपल्याला पचत नाही.’

प्रस्तुत लेखात या साध्या वाक्याचा इतिहास पाहायचा आहे. ‘आपल्याला’ म्हणजे कुणाला, आणि ‘पचत नाही’ म्हणजे नेमके काय, हे दोन प्रश्न त्यात दडलेले आहेत. ते विचारण्यासाठी डहाणू रोड स्थानकाच्या पूर्वेकडचा मुलूख, म्हणजे डहाणू आणि तलासरी हे तालुके, सोयीचा आहे. तिथे याच धान्यावर माणसे जगली, त्याच धान्याच्या उसनवारीत ती गुलाम झाली, आणि आज तेच धान्य तिथल्या ताटातून कमी होत शहराच्या दुकानात चढ्या भावाने उभे आहे.

२.

आरंभ शास्त्रापासून करू, कारण कदन्नाची अप्रतिष्ठा पुष्कळदा शास्त्राच्या नावावर खपवली जाते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा विचार करताना कोद्रा, सावा, राळा, वरी इत्यादींचा एक स्वतंत्र ‘कुधान्यवर्ग’ केलेला आहे. ही धान्ये रूक्ष आणि वात वाढवणारी आहेत असे तेथे म्हटले आहे. चरकसंहिताही कोद्रा आणि सावा यांना वातल ठरवते, मात्र त्यांना पचायला हलके म्हणते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात जव या धान्याचे वर्णन मळ आणि वात दोन्ही उत्पन्न करणारे असे येते. ज्याला आज आपण तंतुमय अन्न म्हणतो त्याचे दोन ठळक परिणाम, मळाचा भरणा आणि वायू, या निरीक्षणात स्पष्ट दिसतात. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्ते यांनी संस्कृतात लिहिलेल्या ‘भोजनकुतूहल’ या ग्रंथात अन्नाच्या गुणदोषांची ही परंपरा मराठी नावांसह संकलित झाली. वैद्यकाची भाषा मराठी स्वयंपाकघराच्या जवळ आली ती अशा वाटांनी.

निरीक्षण म्हणून यात फारसे चुकीचे काही नाही. परंतु याच परंपरेत दुसरा एक विचार आहे, आणि तो मराठीच्या व्यवहारात जवळजवळ उतरलाच नाही. तो म्हणजे ‘ओकसात्म्य’. ‘ओक’ म्हणजे घर, राहण्याची जागा, सवय. नित्य सेवनाने जे शरीराच्या अंगवळणी पडते आणि म्हणून सुखावह होते, ते ओकसात्म्य, असे चरक सांगतो. अन्नाचा गुण त्याच्या मते एकट्या धान्यात नसतो. खाणाऱ्याचा अग्नी, देश, काळ आणि सवय मिळून तो ठरतो. चिकित्सास्थानात तर त्याने देशोदेशीच्या लोकांची यादीच दिली आहे : कुणाला मासे सात्म्य, कुणाला दूध, मलय पर्वताकडच्या लोकांना कंदमुळे आणि फळे, दक्षिणेकडच्यांना पेया. त्या यादीत उच्चनीचता नाही. शिवाय एक व्यवहार्य सूचनाही आहे. जुनी सवय मोडून नवी लावायची तर ती एकदम नव्हे, चतुर्थांशाच्या क्रमाने, हळूहळू लावावी.

म्हणजे एकाच परंपरेत दोन विचार शेजारीशेजारी होते. एक धान्यांची प्रतवारी लावणारा, दुसरा खाणाऱ्याची सवय पाहणारा. मराठी भाषेने पहिला उचलला आणि दुसरा ग्रंथातच राहू दिला. ‘कदन्न’ हा शब्द कीर्तनात आला, पोथीत आला, बोलण्यात आला. ‘ओकसात्म्य’ वैद्यांच्या पलीकडे कुणाला ठाऊक नाही. भाषा जे शब्द टाकून देते त्यांचाही इतिहास लिहिला पाहिजे असे वाटते ते अशा ठिकाणी. प्रतवारीचा शब्द टिकला, कारण तो समाजाच्या प्रतवारीला उपयोगी होता.

भक्तिपरंपरेने याला उत्तर शोधले नाही असे नाही. विदुराच्या कण्या आणि सुदाम्याचे पोहे या कथा मराठी मनात घट्ट बसलेल्या आहेत. देव गरिबाचे अन्न आवडीने खातो, ही कल्पना मोठीच आहे. परंतु त्या कथेत महत्ता येते ती देणाऱ्याच्या भावाला आणि घेणाऱ्याच्या मोठेपणाला. कण्या मात्र कण्याच राहतात. उलट त्या हलक्या आहेत म्हणूनच देवाने त्या खाण्यात थोरवी. भरडधान्याची प्रत या कथांनी बदलली नाही, थोडी सुसह्य केली इतकेच.

३.

आता डहाणूकडे येऊ. रेल्वेच्या पश्चिमेला समुद्रकाठची चिकूच्या वाड्यांची पट्टी. बोर्डी-घोलवडचा चिकू सर्वांना माहीत आहे. रेल्वेच्या पूर्वेला जमीन उंचसखल होत सह्याद्रीच्या पायथ्याकडे सरकते. हा वारल्यांचा आणि अन्य आदिवासींचा मुलूख. सखल खाचरांत भात, आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरी, कोद्रा, तूर, उडीद, खुरासणी अशी जुनी वाटणी. कोकणात जी नाचणी, तीच या बाजूला नागली. तिचे मूळ पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशात आहे. भारतात ती हजारो वर्षांपूर्वी आली. रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जमीन जाळायची. पाऊस पडला की पेरायचे, रोप वर आले की उतारावर लावायचे. इंग्रजी अमलात जंगल राखीव होऊ लागले तेव्हा राबासाठी फांद्या तोडणे हाच गुन्हा ठरू लागला, आणि ठाणे-कुलाबा भागांतल्या तक्रारींच्या चौकशीसाठी १८८० च्या दशकात मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. नागलीच्या भाकरीचा पहिला खटला असा जंगलाच्या कचेरीत चालला.

वारल्यांच्या श्रद्धाविश्वात धान्याची देवी आहे, तिचे नाव कणसरी. धान्यात उच्च आणि कुत्सित असा भेद करणारी भाषा आणि प्रत्येक कणसात देवी पाहणारी भाषा एकाच जिल्ह्यात नांदत होत्या, हे साहित्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांच्यामुळे जी वारली चित्रकला जगाला माहीत झाली, तिच्यात उखळात कांडणाऱ्या, दळणाऱ्या, पाखडणाऱ्या बाया वारंवार दिसतात. आपण ती चित्रे भिंतीवर शोभेसाठी लावतो. त्या आकृती काय करत आहेत, हे फारसे विचारत नाही. त्या बाया पचनाचा पहिला टप्पा पार पाडत असतात.

हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. भरडधान्याचे पचन पोटात सुरू होत नाही. ते उखळात, जात्यात, पाण्यात आणि चुलीवर सुरू होते. वरी आणि कोद्रा यांवरचे टरफल पुनःपुन्हा कांडल्याशिवाय सुटत नाही. नागलीची गोष्ट उलट : तिचा तांबडा पापुद्रा आतल्या पिठूळ भागाला इतका चिकटलेला असतो की तांदळासारखी ती सडून पांढरी करता येत नाही. तिला पांढरपेशा होताच येत नाही, असे म्हणावे हवे तर. म्हणून ती सालीसकट दळायची, पीठ बारीक काढायचे, कढत पाण्यात मळायचे. किंवा पाण्यात कालवून सावकाश शिजवून पेज करायची. किंवा रात्रभर आंबवून आंबील. किंवा भिजवून मोड आणून, वाळवून, दळून सत्त्व. भिजवण्याने, मोड आणण्याने आणि आंबवण्याने सालीतली बांधून ठेवणारी द्रव्ये कमी होतात, पिष्ट मोकळे होते. लहान मुलाला आणि बाळंतिणीला सत्त्व किंवा पेज, कष्टकऱ्याला भाकरी, ही विभागणी कुठल्या पाकशास्त्राच्या पुस्तकातून आलेली नाही.

याच परिसरातली दोन उदाहरणे अधिक बोलकी आहेत. पावसाच्या आरंभी रानात शेवळे उगवतात. ती नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजून जीव नकोसा होतो. म्हणून त्यांत काकड नावाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. कडूकंदाचे तर पातळ काप करून, राखेच्या पाण्यात उकडून, वाहत्या ओहोळात ठेवून मग खातात. हा कंद ‘पचतो का’ या प्रश्नाला काही अर्थच नाही. तो पचवण्याची कृती ज्याच्या घरात आहे त्याला तो पचतो.

कोद्र्याची कथा याहून जुनी. कोकणात त्याला हरीक म्हणतात, आणि काही वेळा तो खाऊन माणसाला गुंगी येते, चक्कर येते, उलट्या होतात हा अनुभव पिढ्यांचा आहे. संस्कृतात या मादक कोद्र्याला ‘मदनकोद्रव’ असे नाव आहे. जैन कर्मविचारात त्याचा दृष्टांत येतो : धुऊन शुद्ध केलेला, अर्धवट शुद्ध झालेला आणि तसाच मादक राहिलेला असा तीन प्रकारचा कोद्रा, तशा जीवाच्या दृष्टीच्या तीन अवस्था. दोष धान्याच्या जातीत नसून त्यावर काय संस्कार झाला यात आहे, हे त्या दृष्टांताने फार पूर्वी ओळखले होते. आज आपल्याला माहीत आहे की ओलाव्यात कणसावर वाढणाऱ्या बुरशीमुळे सायक्लोपियाझोनिक आम्ल नावाचे विष तयार होते आणि गुंगी येते ती त्याने. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडच्या जंगलात १० हत्ती दगावले, तेव्हा तपासणीत हेच द्रव्य सापडले. हत्तीजवळ जंगलातली सगळी ताकद होती. सूप, उखळ आणि पिढीजात शहाणपण नव्हते.

४.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आदिवासी स्वयंपाकघराचे हे गोडवे आहेत. तसे करणे सोपे आहे आणि अप्रामाणिकही. कारण डहाणूत नागली हे निवडीचे अन्न कधीच नव्हते.

खाचरातला भात पिकवायचा वारल्याने आणि तो जायचा मक्त्यापोटी जमीनदाराच्या खळ्यात. उरलेली नागली-वरी पावसाळ्यापर्यंत पुरत नसे. मग जमीनदाराकडून खावटी उचलायची, म्हणजे खाण्यापुरते धान्य कर्जाऊ घ्यायचे आणि सुगीला ते वाढीदिढीने फेडायचे. लग्नासाठी कर्ज काढले तर नवराबायको दोघे सावकाराच्या घरी राबणार. त्याला ‘लग्नगडी’ असे नावच होते. डी. सिमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर तयार केलेला अहवाल १९३९ साली छापला गेला. त्यात ठाणे जिल्ह्यातल्या वेठीचे आणि कर्जाचे चित्र सरकारच्याच कागदावर उमटले. पुढे जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्याच वर्षी २३ मे रोजी झरी या गावी वारल्यांची मोठी सभा भरली. वेठ करायची नाही आणि दिवसाला रोख १२ आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही, हे तिथे ठरले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी त्यात मारले गेले. हा सारा इतिहास गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकामुळे मराठी वाचकाला परिचित आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

हे पुस्तक आपण बहुधा उठावाची कहाणी म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ते अन्नाच्या दृष्टीनेही वाचता येते. वेठीचा खरा आधार चाबूक किंवा दंडा एवढाच नव्हता. पावसाळ्यात रिकामी पडणारी कणगी हाही होता. आषाढात ज्याच्या घरी दाणा नाही त्याला कोण काय नाकारू देणार? म्हणून झरीतली १२ आण्यांची मागणी ही एका अर्थी खावटीतून सुटण्याची मागणी होती. धान्य कर्जाऊ घेण्याऐवजी ते रोख पैशाने विकत घेता यावे, एवढीच तिची झेप, आणि तेवढ्यासाठी माणसे मेली.

याच व्यवस्थेबरोबर पोटाविषयीची एक समजूतही वाढली, आणि ती आजही ऐकू येते : ‘त्यांना काय, सगळे पचते. दगड खाल्ला तरी पचेल.’ वरकरणी ही काटकपणाची स्तुती आहे. तिचा व्यवहारातला अर्थ असा, की त्यांना काहीही दिले तरी चालेल. ‘आपल्याला पचत नाही’ आणि ‘त्यांना सगळे पचते’ ही दोन वाक्ये एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. एकाने आपल्या पोटाला नाजूकपणाचा मान दिला, दुसऱ्याने परक्याच्या पोटाची व्यथाच नाकारली. पाण्यात चिमूटभर पीठ कालवलेली पेज आणि मिठाचा खडा यावर राबणाऱ्या माणसाचे पोट दुखत नसेल असे मानायला काही आधार नाही. त्याच्या दुखण्याची नोंद कुणी ठेवत नव्हते, एवढेच.

‘पचणे’ हे मराठी क्रियापदही मोठे गमतीचे आहे. आपण अपमान पचवतो, पराभव पचवतो, आणि कुणी पैसा किंवा जमीन गिळली व त्याचे काही वाकडे झाले नाही तर म्हणतो, ‘पचले त्याला.’ डहाणूच्या इतिहासात वारल्यांच्या जमिनी फार थोड्या लोकांना फार सहज पचल्या. त्याने कुणाचे पोट गुबारल्याची तक्रार ऐकिवात नाही.

५.

धान्य आपल्या घरची कृती मागे टाकून एकटेच प्रवासाला निघते तेव्हा काय होते, याची दोन उदाहरणे विसाव्या शतकात मिळतात. दोन्ही सरकारी धान्याची आहेत.

पहिले युद्धकाळातले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि भातखाऊ माणसाच्या पिशवीत तांदळाच्या जोडीला गहू आणि बाजरी येऊ लागली. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात अन्नछत्रांतून बाजरीसारखी धान्ये शिजवून वाटली गेली. आयुष्यभर भात खाल्लेल्या आणि उपासाने आतडी क्षीण झालेल्या माणसांना ती सोसली नाहीत. अतिसाराने माणसे आणखी खचली. त्याच बाजरीवर सोलापूर-नगरचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या धडधाकट जगत होता. दोष बाजरीचा म्हणावा की बंगाल्याचा? दोघांचाही नाही. सवय नसलेले धान्य, शिजवण्याची माहिती नसलेले हात आणि उपाशी शरीर, या तिहींची गाठ पडली.

दुसरे १९७२–७३ च्या महाराष्ट्रातल्या दुष्काळाचे. रेशनवर आलेला लाल ‘मिलो’ त्या पिढीतल्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो. वस्तुतः मिलो ही ज्वारीचीच एक जात, आणि ज्वारी तर महाराष्ट्राचे हक्काचे धान्य. तरीही भाकरी जमेना, घशाखाली उतरेना, पोटाला सोसेना. अमेरिकेत ती मुख्यतः जनावरांसाठी पिकवली जाते, हे कळल्यावर तर तिच्यातले उरलेसुरले अन्नपणही गेले. येथे पचनाच्या प्रश्नात मानाचा प्रश्न मिसळला होता. ‘आम्हांला गुरांचे खाणे दिले’ ही भावना पोटात घेऊन खाल्लेला घास सुखाने उतरत नाही. दलित अन्नसंस्कृतीवर लिहिताना शाहू पाटोळे यांनी आपल्या पुस्तकाला ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) असे नाव दिले, त्यातले ‘अपूर्ण’ हे पद येथेही लागू पडते. अन्न पूर्ण व्हायला दाण्याबरोबर आणखी पुष्कळ काही लागते.

६.

आता आधुनिक वैद्यक काय सांगते ते पाहू. १९४६ साली डेनिस बर्किट नावाचा आयरिश शल्यविशारद युगांडात लिरा या गावी सरकारी नोकरीवर रुजू झाला. त्या भागातले मुख्य धान्य आपलीच नागली. पुढे त्याच्या ध्यानात आले, की पाश्चात्त्य रुग्णालयांत रोज दिसणारे मोठ्या आतड्याचे कितीतरी विकार आफ्रिकेच्या खेड्यांत जवळजवळ आढळत नाहीत. याचा संबंध त्याने आहारातल्या चोथ्याशी जोडला आणि १९७० च्या दशकात ‘तंतू’ हा शब्द जगभर गाजवला. त्याची सगळीच अनुमाने टिकली नाहीत. परंतु गहू-तांदळातून काढून टाकलेला कोंडा हा निरुपयोगी केर नाही, ही गोष्ट प्रस्थापित झाली. तिकडे वर्ध्यात १९३४ पासून ग्रामोद्योग संघ हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरत होताच. ‘कोंड्याचा मांडा’ करणाऱ्या गृहिणीचे कौतुक मराठीने केले ते काटकसरीसाठी. कोंड्यातच काही असेल हे तिने धरले नव्हते.

आकडे पाहिले तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नागलीत सुमारे ११ ग्रॅम तंतू असतात, सडलेल्या तांदळात ३ ग्रॅमहून कमी. कॅल्शियम नागलीत सुमारे ३६० मिलिग्रॅम, तांदळात १० च्याही आत. गव्हाच्या सालीसकट पिठात मात्र तंतू नागलीइतकेच, हे सांगितले म्हणजे बऱ्याच जाहिरातींतली हवा निघून जाते.

पोटातल्या हवेचे कारणही सरळ आहे. तंतू लहान आतड्यात पचत नाहीत. ते मोठ्या आतड्यात पोचले की तिथले सूक्ष्मजीव त्यांतला काही भाग आंबवतात. त्यातून आतड्याच्या अस्तराला उपयोगी अशी आम्ले तयार होतात, आणि बरोबर हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या बाबतीत मिथेन हे वायूही. आहारात तंतू एकदम वाढले तर सूक्ष्मजीवांची वसाहत त्या कामाला तयार नसते. पाणी कमी प्यायले तर न आंबलेला चोथा अडून बसतो. भाकरीबरोबर वाल किंवा हरभरा असला तर त्यांतल्या शर्करा वायूत भर घालतात, आणि दोष नागलीच्या माथी जातो. काही आठवड्यांच्या अवधीत, बेताबेताने वाढवत नेले, तर बहुतेकांची तक्रार ओसरते. ज्यांची ओसरत नाही, ज्यांना वेदना होतात, वजन घटते किंवा रक्त पडते, त्यांनी धान्यावर वाद न घालता वैद्याकडे जावे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात महत्त्वाचा आहे. २० आफ्रिकी-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतली २० माणसे यांच्या आहाराची दोन आठवड्यांपुरती अदलाबदल केली गेली. तंतू वाढलेल्या अमेरिकनांच्या आतड्यांतले सूक्ष्मजीवांचे व्यवहार आणि अस्तराची स्थिती तेवढ्याच काळात सुधारली. तंतू गमावलेल्या आफ्रिकी खेडुतांची बिघडली. आतड्याला जात नसते, वंश नसतो. त्याला सवय असते, आणि ती दोन्ही दिशांनी बदलते. चतुर्थांशाच्या क्रमाने सवय बदला म्हणणारा चरक येथे आठवतो. ‘आमच्याकडे सगळे आधीच होते’ असा जयघोष करायला म्हणून नव्हे. होते ते आपणच वापरले नाही, हे लक्षात यावे म्हणून.

७.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला आणि डहाणू-तलासरी त्यात गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, अन्नसुरक्षा कायदा झाला होता. त्यात किलोमागे तांदळाला ३ रुपये, गव्हाला २ आणि भरडधान्याला १ रुपया असा दर ठरला. संसदेने केलेल्या कायद्यात इतक्या अलीकडे धान्याची जुनी पायरी अशी आकड्यांत उतरली. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. त्याच वर्षी भरडधान्याला ‘श्री’ लागला. परंतु रेशन दुकानातून मिळते ते प्रामुख्याने तांदूळ आणि गहू. उतारावरची नागली कष्टाची. लावणी, खुडणी, झोडपणी, कांडणी हे सगळे मुख्यतः बाईच्या अंगावर. फुकटचा पांढरा तांदूळ घरात आला की ती मागे पडते, यात नवल नाही आणि दोषही नाही. जिला पहाटे उठून दळायचे असते तिने जात्याची महती सांगितलेली नाही. ती आपण सांगतो.

‘अंगणवाडी’ हा शब्दही याच तालुक्याचा. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघ यांच्यासह, जे काम केले त्यातून तो देशाला मिळाला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, असा त्यामागचा विचार. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द उचलला आणि अंगणवाडीत शिक्षणाच्या जोडीला पोषण आले. तरीही १९९२–९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीची मुले कुपोषणाने मेली. मुलाच्या अंगणात जाण्याची ताराबाईंची दृष्टी आहाराला लावायची तर त्याच अंगणातली नागली, त्याच घरातल्या बाईच्या हातचे सत्त्व, आणि ते करण्याच्या कष्टाचा मोबदला, असा हिशेब मांडावा लागेल. दुरून आलेल्या पुड्याला ‘पौष्टिक’ म्हणून भागणार नाही.

शहरातल्या माणसाने नागली खाऊ नये असे येथे मुळीच सुचवायचे नाही. त्याने ती अवश्य खावी. आणि पोट फुगले तर आपण काय एकदम केले ते पाहावे. पण धान्याला आधी कदन्न म्हणून खाली ढकलणे आणि मग श्रीअन्न म्हणून डोक्यावर घेणे, या दोन्हींत एकच चूक आहे. दोन्ही वेळा गुणदोष एकट्या दाण्यात शोधला जातो, आणि तो दाणा ज्या हातांनी खाण्याजोगा केला ते हात हिशेबातून गळतात. साहित्याच्या विद्यार्थ्याने निदान एवढे करावे. मराठी कथा-कादंबरीत, आत्मकथनात, चरित्रात ‘पचत नाही’ किंवा ‘त्यांना पचते’ असे वाक्य भेटले की थांबावे आणि विचारावे : कोण बोलते आहे, कुणाच्या पोटाविषयी, आणि ते धान्य दळले कुणी होते? कदन्नाचा इतिहास असा सुट्या वाक्यांतूनच गोळा करावा लागेल. त्याचे स्वतंत्र दप्तर कुणी ठेवलेले नाही.